एकसारखी चार पोर्ट, त्यांतलं एकच हवंय: ‘न्यू_आयडी’ की ‘ड्रायव्हर_ओव्हरराइड’?

चार नेटवर्क पोर्टांचा, पंखा नसलेला छोटा बॉक्स आता किनाऱ्यावर सगळीकडे दिसतो. तारकर्लीच्या लॉजवर, देवगडला आंब्याच्या पॅकहाउसमध्ये, मिरकरवाड्याकडच्या बर्फ फॅक्टरीत. पंखा नाही म्हणून खारी हवा आत ओढली जात नाही, हा त्याचा इथला सगळ्यांत मोठा गुण. आत बहुधा इंटेलच्या आय२२६-व्ही चिपची चार पोर्ट, वर डेबियन लिनक्स, आणि केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) दोन व्हर्च्युअल मशीन: एकात फायरवॉल, दुसऱ्यात बिलिंग. बाहेरच्या लाइनचं पोर्ट फायरवॉलला सबंध द्यायचं असतं, म्हणजे होस्टच्या (खुद्द बॉक्सवरच्या डेबियनच्या) आयजीसी या इंटेल ड्रायव्हरकडून काढून व्हीएफआयओ-पीसीआयच्या, म्हणजे डिव्हाइस व्हर्च्युअल मशीनला देण्यासाठी धरून ठेवणाऱ्या ड्रायव्हरच्या, ताब्यात द्यायचं. बाकीची तीन होस्टकडेच राहिली पाहिजेत.

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, याच्या दोन वाटा आहेत. ‘न्यू_आयडी’मध्ये ड्रायव्हरला सांगायचं की या ओळखीचं डिव्हाइस तुझं. ‘ड्रायव्हर_ओव्हरराइड’मध्ये डिव्हाइसला सांगायचं की तुझा ड्रायव्हर हाच, दुसरा कोणी नाही. पहिली वाट जुनी, २.६ च्या काळातली. दुसरी पीसीआयसाठी २०१४ साली ३.१६ कर्नलमध्ये आली. दोन्ही चालतात, दोन्ही आजही लोक वापरतात. माझं वजन दुसरीकडे पडतं, पण पहिली मोडीत काढावी असं मात्र नाही. यूएसबीच्या बाबतीत तर मुळीच नाही.

बायोसमध्ये व्हीटी-डी (इंटेलचा आयओएमएमयू) चालू आहे, कर्नलला आयओएमएमयू, म्हणजे डिव्हाइसांचा मेमरीवरचा वावर वेगवेगळा ठेवणारा भाग, दिसतो आहे आणि चारही पोर्टांचे आयओएमएमयू ग्रुप वेगवेगळे आहेत, हे तुम्ही आधीच बघितलं असेल असं धरतो. ग्रुप एकच असेल तर खालचं काहीही केलं तरी पोर्ट एकेकटं देता येणार नाही.

जुळणी दोनदा होते

निवड करताना गोंधळ बहुतेक एकाच जागी होतो. डिव्हाइस आणि ड्रायव्हर यांची जुळणी एकदा होत नाही, दोनदा होते, आणि दोन वेगळ्या ठिकाणी होते.

पहिली जुळणी कर्नलच्या बाहेर होते. पोर्ट सापडलं की कर्नल एक यूइव्हेंट, म्हणजे सूचना, पाठवतो, त्यात ‘मोडअलायस’ नावाची एक लांबलचक ओळ असते. आय२२६-व्हीच्या ओळीत व्हेंडर ८०८६, डिव्हाइस १२५सी, मग सबव्हेंडर, सबडिव्हाइस आणि शेवटी क्लास ०२००, म्हणजे इथरनेट. प्रत्येक ड्रायव्हर मॉड्यूलमध्ये (कर्नलमध्ये लागेल तेव्हा लोड होणाऱ्या तुकड्यात) तो कोणकोणती डिव्हाइस चालवतो याची तक्ता-नोंद असते. डेपमोड ही कमांड ती बाहेर काढून मॉड्यूल्स.अलायस या फाइलीत ठेवतो. यूडेव्ह, म्हणजे डिव्हाइसांच्या सूचना हाताळणारी सेवा, मोडअलायस घेऊन त्या फाइलीशी जुळवतो आणि मॉड्यूल लोड करतो. याचं काम इथे संपलं. कोणतं पोर्ट कोणाला मिळालं याच्याशी यूडेव्हला कर्तव्य नाही.

दुसरी जुळणी कर्नलच्या आत, बसच्या पातळीवर होते. मॉड्यूल लोड होऊन ड्रायव्हरची नोंद झाली की कर्नल बसवरच्या प्रत्येक मोकळ्या डिव्हाइसपाशी जाऊन विचारतो, हे तुझ्या यादीत आहे का? असेल तर प्रोब होतो, म्हणजे ड्रायव्हर ते डिव्हाइस चालू करून बघतो, आणि प्रोब यशस्वी झाला की डिव्हाइस त्याचं. उलट बाजूने नवीन डिव्हाइस आलं तर नोंदलेल्या ड्रायव्हरांना नोंदणीच्या क्रमाने विचारलं जातं. पहिला जो जुळेल आणि ज्याचा प्रोब टिकेल तो घेतो. कोण जास्त योग्य आहे याचा विचार कुठेच नाही.

फ्रीबीएसडी इथे वेगळा वागतो आणि तो फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तिथे हर्णैच्या बंदरावरच्या मासळीच्या लिलावासारखं चालतं. प्रत्येक ड्रायव्हर प्रोबमध्ये आकडा बोलतो, नेहमीचा ड्रायव्हर उणे २०, कामचलाऊ जेनेरिक उणे १००, आणि ज्याला डिव्हाइस नेमकं माहीत आहे तो शून्य. ज्याची बोली वरची त्याला डिव्हाइस. शून्य बोलला की लिलाव तिथेच संपतो. लिनक्समध्ये बोली नाही, आधी आला त्याचा माल. म्हणून लिनक्समध्ये हाताने हस्तक्षेप करायची गरज जास्त पडते.

न्यू_आयडी

ही वाट दिसायला सरळ आहे. व्हीएफआयओ-पीसीआय लोड करायचं, सिसएफएसमध्ये (कर्नलची आतली माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरांत) त्या ड्रायव्हरच्या फोल्डरमधल्या न्यू_आयडी फाइलीत ‘८०८६ १२५सी’ लिहायचं. आकडे सोळा पायाचे, मध्ये स्पेस. लस्पीसीआय (पीसीआय डिव्हाइसांची यादी देणारी कमांड) च्या आउटपुटमधला विसर्गचिन्हासारखा कोलन इथे चालत नाही. लिहिल्याबरोबर कर्नल बसवर फेरी मारतो आणि त्या ओळखीचं जे जे मोकळं असेल ते ते या ड्रायव्हरला देतो. यानंतर पोर्टाचा पीसीआय पत्ता ड्रायव्हरच्या ‘बाइंड’ (बांधण्याच्या) फाइलीत लिहायला गेलात तर एरर येतो, कारण पोर्ट आधीच बांधलं गेलेलं असतं. पुष्कळ जण त्या एररला घाबरून परत पहिल्यापासून सुरू करतात. गरज नसते, लस्पीसीआय -के करून ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ बघितली की कळतं.

दोनच आकडे देणं बंधनकारक आहे, पण सात देता येतात: सबव्हेंडर, सबडिव्हाइस, क्लास, क्लासचा मास्क आणि शेवटी ड्रायव्हर-डेटा. हा सातवा आकडा न्यू_आयडीची खरी ताकद आहे. अनेक ड्रायव्हरांत एकाच मॉड्यूलमध्ये पाच-सहा प्रकारच्या चिपा चालवल्या जातात आणि कुठली चिप आहे हे ड्रायव्हर-डेटावरून ठरतं. बाजारात नवीन आलेलं कार्ड, आतली चिप जुनीच पण आयडी नवा, अशा वेळी जुन्या चिपचा ड्रायव्हर-डेटा देऊन ते चालवता येतं. मात्र हा आकडा, न दिल्यास धरला जाणारा शून्यसुद्धा, त्या ड्रायव्हरच्या मूळ तक्त्यात कुठेतरी असलाच पाहिजे; नसेल तर कर्नल लिहूच देत नाही. आणि सातपेक्षा कमी आकडे देऊन आधीच तक्त्यात असलेला आयडी लिहिलात तर ‘आधीच आहे’ म्हणून परत पाठवतो.

आयडी यादीतून काढायला रिमूव्ह_आयडी आहे. त्याने नोंद जाते, पण जे पोर्ट बांधलं गेलं ते बांधलेलंच राहतं. हे लक्षात घेतलं तर न्यू_आयडी बऱ्यापैकी सुरक्षितपणे वापरता येतो: हवं ते एकच पोर्ट आयजीसीकडून अनबाइंड करा, न्यू_आयडी लिहा, बांधलं गेलं की लगेच रिमूव्ह_आयडी लिहा. जुनी मंडळी असंच करत आली आहेत आणि चालू मशीनवर हाताने करायचं असेल तर त्यात काही वावगं नाही.

अडतं कुठे

माझ्यापुरता निकाल लागला तो बूटच्या वेळी. हाताने केलेलं रीबूटनंतर टिकत नाही. मग ते कायमचं करायला म्हणून मॉडप्रोबच्या (मॉड्यूल लोड करणाऱ्या कमांडच्या) कॉन्फिगमध्ये किंवा कर्नलच्या कमांडलाइनवर ‘व्हीएफआयओ-पीसीआय.आयडीज’ असं लिहायला सांगितलं जातं. ग्राफिक्स कार्डासाठी लिहिलेल्या जवळपास प्रत्येक मार्गदर्शनात ही ओळ असते, कारण मशीनमध्ये त्या ओळखीचं ग्राफिक्स कार्ड एकच असतं. आतून हे न्यू_आयडीच आहे. मॉड्यूल लोड होताना तीच नोंद तशीच केली जाते.

आता चार पोर्ट असलेल्या बॉक्सवर हे काय करतं ते बघा. चौघांचाही आयडी ८०८६:१२५सी. सबव्हेंडर, सबडिव्हाइसही चौघांचे तेच, त्यामुळे आकडे वाढवून उपयोग नाही. ‘आयजीसीच्या आधी व्हीएफआयओ-पीसीआय’ अशी सॉफ्टडेप (मॉड्यूल लोड होण्याचा क्रम सांगणारी ओळ) लावलीत तर बूट होताना चारही पोर्ट व्हीएफआयओकडे जातात. सॉफ्टडेप नाही लावलीत आणि आयजीसी आधी लोड झाला, तर चारही त्याच्याकडे, आणि व्हीएफआयओला काही उरत नाही. ठरवून एकच द्यायची सोय या वाटेवर नाही. ओळख सांगितली की त्या ओळखीचे सगळे आले.

चारही व्हीएफआयओकडे गेली याचा अर्थ होस्टला नेटवर्क उरलं नाही. एसएसएच (दुरून लॉगिन) बंद, आणि बॉक्सला आयपीएमआयसारखी (सर्व्हरांत असणारी वेगळी दूरनियंत्रणाची सोय) मागची दारं नसतात. मग मॉनिटर आणि कीबोर्ड घेऊन मशीनपाशी जायचं. पुण्यात ते खालच्या मजल्यावर असेल. इथे रत्नागिरीत बसून गुहागरच्या बाजूचं मशीन सांभाळत असाल तर जयगड-तवसाळ फेरी धरायची, आणि पावसाळ्यात ती चालू आहे का ते आधी विचारायचं. हा त्रास एका कॉन्फिगच्या ओळीपायी. स्पेसिफिकेशनमध्ये हा मुद्दा कुठे दिसणार नाही, पण दूरवर ठेवलेल्या मशीनला माझ्या मते हाच एक मुद्दा पुरेसा आहे.

दुसरा भाग जरा बारीक आहे. समजा न्यू_आयडी हाताने लिहिलात आणि रिमूव्ह_आयडी राहून गेलं. सगळं नीट दिसतं. काही दिवसांनी पोर्टाची लिंक अडकली म्हणून कोणीतरी आयजीसी मॉड्यूल काढून परत लोड करतं. आता नोंदणीच्या क्रमात व्हीएफआयओ-पीसीआय आयजीसीच्या पुढे गेला. यानंतर कधी होस्टचं एखादं पोर्ट बसवरून काढून रीस्कॅन झालं की कर्नल क्रमाने विचारणार, व्हीएफआयओ आधी ‘हो’ म्हणणार, आणि होस्टचं पोर्ट गेलं. लॉगमध्ये एरर नाही, कारण कर्नलच्या दृष्टीने काही चुकलेलंच नाही. असं दुखणं शोधायला फार वेळ जातो.

ड्रायव्हर_ओव्हरराइड

इथे लिहायची फाइल ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये नाही, डिव्हाइसच्या फोल्डरमध्ये असते. समजा फायरवॉलचं पोर्ट ००००:०३:००.० ला आहे. आधी मॉडप्रोबने व्हीएफआयओ-पीसीआय लोड करा. मग त्या पत्त्याच्या फोल्डरमधल्या ड्रायव्हर_ओव्हरराइड फाइलीत ‘व्हीएफआयओ-पीसीआय’ लिहा. मग त्याच फोल्डरमधल्या ड्रायव्हर दुव्याखालच्या अनबाइंड फाइलीत पत्ता लिहून पोर्ट आयजीसीकडून सोडवा. शेवटी पीसीआय बसच्या ड्रायव्हर्स_प्रोब फाइलीत तोच पत्ता लिहा. क्रम हाच ठेवा. ओव्हरराइड आधी लिहिला की मधल्या क्षणी दुसरा कोणताही ड्रायव्हर त्या पोर्टाला हात लावू शकत नाही; कर्नल नाव जुळवतो आणि जुळलं नाही तर तिथूनच परत फिरतो. बाकीच्या तीन पोर्टांना यातलं काही कळतही नाही.

परत द्यायचं असेल तर ओव्हरराइडमध्ये रिकामी ओळ लिहा, व्हीएफआयओकडून अनबाइंड करा आणि पुन्हा प्रोब करा. नेहमीचे नियम लागू होतात आणि आयजीसी पोर्ट उचलतो. एखादं डिव्हाइस कोणालाच द्यायचं नसेल तर ‘नन’ असं काहीही अस्तित्वात नसलेलं नाव लिहिलं तरी चालतं.

मात्र ही फाइल काय करत नाही ते पक्कं डोक्यात हवं. ती सध्याच्या ड्रायव्हरकडून डिव्हाइस सोडवत नाही. ती मॉड्यूल लोड करत नाही. आणि लिहिलेलं नाव खरं आहे का हेही तपासत नाही. शेवटचं फार छळतं. मॉडप्रोबला डॅश आणि अंडरस्कोर सारखेच, त्यामुळे दोन्ही रूपांत लिहायची सवय लागलेली असते. ओव्हरराइडला मात्र ड्रायव्हरचं नाव अक्षरशः जुळावं लागतं. मॉड्यूलचं नाव एलएसमॉडमध्ये अंडरस्कोरने दिसतं, ड्रायव्हरचं नाव डॅशने आहे. अंडरस्कोर लिहिलात तर लिहिणं यशस्वी होतं, कुठे तक्रार येत नाही, आणि पोर्ट कोणत्याच ड्रायव्हरविना लोंबकळत राहतं. खरं नाव बघायचं ते पीसीआय बसखालच्या ड्रायव्हर्स फोल्डरात, एलएसमॉडमध्ये नाही.

रीबूटनंतर टिकवायचं तर डेबियनवर ‘ड्रायव्हरसीटीएल’ पॅकेज घ्या. सेट-ओव्हरराइड, पत्ता, ड्रायव्हरचं नाव, एवढी एक कमांड. मॉड्यूल लोड करणं, सोडवणं, बांधणं सगळं तेच करतं आणि नोंद ईटीसीखालच्या ड्रायव्हरसीटीएल.डी फोल्डरात ठेवतं. लिस्ट-ओव्हरराइड्सने काय काय लावलं आहे ते दिसतं. आधी नोसेव्ह पर्याय देऊन करून बघा, म्हणजे काही बिनसलं तर रीबूटने सगळं जागेवर येतं. दूरच्या मशीनवर ही सोय सोन्यासारखी आहे.

हे स्वतःच्या यूडेव्ह नियमाने करायचा मोह होतो: त्या पत्त्याचं डिव्हाइस आलं की ओव्हरराइड लिही. नियम बरोबर असतो, तरी कधी लागतो कधी नाही. कारण पुन्हा त्या दोन जुळण्यांत आहे. चार पोर्टांचे चार इव्हेंट यूडेव्ह समांतर हाताळतो. शेजारच्या, समजा बस ०२ वरच्या, पोर्टाच्या इव्हेंटने आयजीसी लोड झाला की तो एका दमात मोकळी असलेली सगळी पोर्ट घेतो, ०३ सुद्धा. ०३ चा नियम चालेपर्यंत पोर्ट गेलेलं असतं, आणि ओव्हरराइड तर आधीच बांधलेल्याला सोडवत नाही. ड्रायव्हरसीटीएल यावर उपाय म्हणून सोडवून पुन्हा बांधतं. नेटवर्क कार्डाला ते चालतं, आयजीसी शांतपणे सोडतो. ग्राफिक्स कार्डाला हे सोडवणं मानवेलच असं नाही. तिथे कार्डाचा पहिला ड्रायव्हरच योग्य असावा लागतो. मग मॉडप्रोबच्या कॉन्फिगमध्ये इन्स्टॉल ओळ लिहून, खरा ड्रायव्हर लोड होण्याआधी ओव्हरराइड लिहिणारी स्क्रिप्ट चालवायची आणि ती इनिटरामएफएसमध्येही (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्यात) घालायची. जमतं, पण नेटवर्क पोर्टासाठी एवढ्या खोलात जाऊ नये असं मला वाटतं.

आणखी एक वाट सांगायला हवी. व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं लिबव्हर्ट वापरत असाल आणि डिव्हाइस ‘मॅनेज्ड’ ठेवलं असेल, तर व्हर्च्युअल मशीन सुरू होताना तेच पोर्ट सोडवून व्हीएफआयओला देतं, बंद झालं की परत करतं. एवढं पुरत असेल तर या दोन्ही वाटांची गरजच नाही. पण मग बूट आणि फायरवॉल सुरू होणं यांच्या मधल्या वेळात बाहेरची लाइन होस्टच्या ड्रायव्हरवर असते. होस्टचं नेटवर्क कॉन्फिग त्या पोर्टाला हात लावणार नाही याची खात्री करून घ्या.

ओव्हरराइडची दुखरी बाजू

ओळखीवर नाही, जागेवर बांधतो, हाच ओव्हरराइडचा गुण आणि हाच दोष. पत्ता ००००:०३:००.० मधला ०३ हा बसचा क्रमांक बूटच्या वेळी वाटला जातो. एम.२ स्लॉटमध्ये एनव्हीएमई डिस्क घातली, वायफाय कार्ड काढलं, की पुढचे क्रमांक सरकू शकतात. मग ड्रायव्हरसीटीएलची नोंद ०३ ला जे कोणी असेल त्याला लागते, आणि ते होस्टचं पोर्ट असू शकतं.

आपल्याकडे यात आणखी एक भर आहे. स्लॉटमध्ये कार्ड घालायचं टॉवर मशीन असेल, आय३५० चं दोन पोर्टांचं कार्ड वगैरे, तर किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्याच्या दमटपणात कार्डाच्या कडेच्या पट्ट्यांवर थर धरतो. आधी डीमेसेगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ‘करेक्टेड’ प्रकारचे पीसीआयई बस एरर दिसू लागतात. मग एखाद्या बूटला कार्ड सापडतच नाही. अनेक बोर्डांवर रिकामा रूट पोर्ट (स्लॉट ज्याला जोडलेला असतो तो) बायोस लपवून टाकतो, त्यामुळे मागच्यांचे क्रमांक एकेकाने कमी होतात आणि गेलेल्या कार्डाच्या जागी शेजारचं येतं. ओव्हरराइड त्याला लागतो. दोष खरं तर पट्टीवरच्या मिठाचा, दिसतो मात्र ड्रायव्हरच्या जुळणीचा. कार्ड काढून पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग त्याच स्लॉटमध्ये परत बसवा. खोडरबरने घासू नका, सोन्याचा मुलामा निघतो आणि पुढच्या वेळी थर लवकर धरतो.

यावर उपाय दोन. झाकण उघडण्याआधी ओव्हरराइड काढायचा, काम झाल्यावर पत्ता बघून परत लावायचा, हा शिस्तीचा. दुसरा, स्वतःची स्क्रिप्ट असेल तर ओव्हरराइड लिहिण्याआधी त्या पत्त्यावर अपेक्षित पोर्टच आहे का ते तपासायचं. चौघांचा व्हेंडर-डिव्हाइस एकच असल्याने त्यावरून कळणार नाही. रूट म्हणून लस्पीसीआय -व्हीव्ही केलं की इंटेलच्या या कार्डांवर ‘डिव्हाइस सिरियल नंबर’ दिसतो, आणि त्यात त्या पोर्टाचा मॅक पत्ता मध्ये एफएफ-एफएफ घालून बसवलेला असतो. ड्रायव्हर नसतानाही तो वाचता येतो. तो जुळला तरच लिही, नाहीतर गप्प राहा, एवढी एक अट घातली की पत्ता सरकण्याची भीती बरीच कमी होते.

दुसरी मर्यादा नव्या आयडीच्या कार्डांना लागते. ड्रायव्हरच्या तक्त्यात नसलेल्या डिव्हाइसला ओव्हरराइडने त्याच्या गळ्यात बांधलंत तर कर्नल प्रोबला एक कोरी नोंद देतो, तिच्यात ड्रायव्हर-डेटा शून्य. चिपचा प्रकार त्यावरून ठरवणारा ड्रायव्हर मग सरळ पहिला प्रकार धरून चालतो. व्हीएफआयओला याने काही फरक पडत नाही, त्याला चिपशी देणंघेणं नाही. पण खऱ्या ड्रायव्हरला नवीन कार्ड चालवायला लावायचं असेल तर इथे न्यू_आयडीच योग्य, सातव्या आकड्यासकट.

यूएसबीला वेगळा न्याय

काजू फॅक्टरीतला किंवा मासळी जेट्टीवरचा वजनकाटा यूएसबी-सिरियलने जोडायचा असेल तर ओव्हरराइडची वाट धरू नका, तिथे न्यू_आयडीचंच काम आहे. काट्यात एफटीडीआय कंपनीची यूएसबी-सिरियल चिप असते पण बनवणाऱ्याने स्वतःचा आयडी घातलेला असतो, त्यामुळे मॉड्यूल्स.अलायसमध्ये तो नसतो आणि काहीच लोड होत नाही. आधी एफटीडीआय_एसआयओ मॉड्यूल हाताने लोड करा, मग यूएसबी-सिरियल बसखालच्या त्या ड्रायव्हरच्या न्यू_आयडीत काट्याचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट लिहा. गरज असेल तर इंटरफेस क्लासनंतर एखाद्या माहीत असलेल्या डिव्हाइसचा व्हेंडर-प्रॉडक्टही देता येतो, म्हणजे त्याची ड्रायव्हर-माहिती या काट्याला लागू होते. हे यूडेव्ह नियमात घातलं की केबल कुठल्याही पोर्टात लावली तरी चालतं. काट्याची केबल दर आठवड्याला कोणीतरी हलवतंच, म्हणून इथे जागेपेक्षा ओळख बरी. जेनेरिक यूएसबीसिरियलला व्हेंडर-प्रॉडक्ट देऊन काम चालवू नका. तो फक्त चाचणीपुरता आहे असं कर्नल स्वतःच लॉगमध्ये बजावतो.

सीएच३४० चिपची स्वस्त यूएसबी-सिरियल केबल, १ए८६:७५२३, उबंटू २२.०४ वर लागते आणि लगेच सुटते, ही तक्रार मात्र ड्रायव्हरच्या जुळणीची नाही. ब्रेल डिस्प्लेसाठी असलेला ब्रेलटीटीवाय त्याच आयडीवर हक्क सांगून ती उचलतो. ब्रेल डिस्प्ले वापरात नसेल तर ते पॅकेज काढा. दोन सीएच३४० एकदम लावायच्या असतील तर त्यांना सिरियल नंबर नसतो, त्यामुळे यूडेव्हचे बाय-आयडी (ओळखीवरून ठेवलेले) दुवे त्यांना वेगळं ओळखू शकत नाहीत. बाय-पाथ (पोर्टाच्या जागेवरून ठेवलेले) दुवे वापरा आणि केबलवर पोर्टाची चिठ्ठी लावा. शक्य असेल तर एफटीडीआयची केबल घ्या, तिच्यात सिरियल नंबर असतो.

कोणी काय घ्यावं

मशीनमध्ये त्या आयडीचं कार्ड एकच असेल आणि पुढेही एकच राहणार असेल, तर आयडीज ओळ लिहून मोकळे व्हा. पत्ता सरकला तरी ती बिघडत नाही, हा तिचा फायदा खरा आहे. ग्राफिक्स कार्डवाल्यांनी तिथेच राहावं. नवीन आयडीचं कार्ड जुन्या ड्रायव्हरवर चालवायचं असेल किंवा यूएसबी असेल तर न्यू_आयडी. चार एकसारख्या पोर्टांच्या बॉक्सवर मात्र माझ्या हाताखालची सगळी मशीन ड्रायव्हरसीटीएलवर आहेत आणि ती बदलायचं कारण मला अजून दिसलेलं नाही. तुमची गरज वेगळी असू शकते, पण बॉक्स गावाबाहेर असेल तर मी आग्रहच करीन.

लावून झाल्यावर नुसतं रीबूट करून निघू नका. बॉक्स बंद करा, अडॅप्टर भिंतीतून काढा, थोडा वेळ थांबून परत लावा. वीज जाऊन आल्यावरची बूट आणि रीबूटची बूट यांत कार्ड सापडायचा क्रम आणि वेळ वेगळा पडू शकतो, आणि जून ते सप्टेंबर तुमच्या मशीनला बहुतेक वेळा पहिलीच बूट मिळणार आहे. मग लस्पीसीआय -के मध्ये ०३ ला व्हीएफआयओ-पीसीआय आणि बाकी तिघांना आयजीसी दिसतो का बघा, आणि बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू व्हायचा पर्याय लावला आहे ना तेही.